बारा दिवस कमी

हेडसरांच्या टेबलावर दोन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्हींवर लाल शाईत त्रेचाळीस लिहिलेलं होतं. डावीकडची माझी, उजवीकडची कलाची.

"जागा चोवीस," गोसावी हेडसर म्हणाले. "तेविसाव्यापर्यंत काही अडचण नाही. चोविसाव्या जागेला या दोघी येऊन थांबल्यात. आता बाक काय मी करवतीनं कापू?"

कुणी हसलं नाही. खोलीत पाच माणसं होती. खुर्चीत हेडसर, समोरच्या बाकावर माझे वडील, म्हणजे चौगुले गुरुजी, आणि भिंतीला टेकून मी आणि कला. कलाची आई, तानूमावशी, दाराजवळ उभी होती. तिला दोनदा बसायला सांगितलं, पण ती बसली नाही. शेतातून तशीच आली होती, पायांना माती होती, आणि ती माती हेडसरांच्या फरशीवर पडू नये म्हणून ती एकाच जागी उभी होती.

आमची शाळा तालुक्याच्या गावी. सहावीच्या शेवटी गणिताची एक वेगळी परीक्षा व्हायची, पन्नास गुणांची. तिच्यावरून सातवीच्या विशेष गणित वर्गाची चोवीस मुलं निवडायची. चोवीसच का, तर तो वर्ग प्रयोगशाळेत भरायचा आणि तिथे बारा बाक होते. एवढंच कारण. त्या चोवीस जणांना हेडसर स्वतः सकाळी सातला शिकवायचे, थेट दहावीपर्यंत. बाकीच्यांना जो मोकळा असेल तो शिकवी, म्हणजे बहुतेक वेळा खेळाचे सर. खेळाचे सर फळ्यावर उदाहरण लिहायचे, "करा रे" म्हणायचे आणि खिडकीतून मैदान बघत बसायचे. म्हणून त्या यादीला आमच्याकडे लग्नपत्रिकेपेक्षा जास्त मान होता.

"समान गुण असतील तर वय बघायचं, असा आपला नियम आहे," हेडसर म्हणाले. "कमी वयाच्याला जागा. कमी वयात तेवढेच गुण मिळवले, म्हणजे डोकं जास्त. बरोबर ना गुरुजी?"

"बरोबर," आण्णा म्हणाले. वडिलांना मी आण्णा म्हणायची.

हेडसरांनी रजिस्टर उघडलं. "चौगुले हेमलता. चौदा जुलै. येडगे कलावती. एक जून. साल तेच. म्हणजे हेमलता दीड महिन्यानं लहान. जागा हेमलताची. मी हे परस्पर करून टाकलं असतं, पण या बाई काल येऊन गेल्या. त्यांचं म्हणणं वेगळं आहे. बोला बाई."

तानूमावशीने पदर सारखा केला.

"सायेब, माजी पोरगी पंचमीची हाय. नागपंचमीची. जून न्हाई, काय न्हाई. म्हंजे हेमीपरीस ल्हानच."

"कागद आहे का?"

"कागद कुटला? घरात झाली."

"मग?"

"मग काय, मला ठावं हाय की. मीच व्याले."

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. चौकशी न करता त्यांनी कुणाला कधी हाकलून दिलं नाही. पण त्यांना गणितासारखं सगळं लागायचं. दिलेलं काय, काढायचं काय.

"बाई, पंचमीच होती कशावरून?"

तानूमावशीने एकदा आण्णांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. पुरुषांपुढे बोलायची गोष्ट नव्हती ती.

"पंचमीला इळा-सुरी चालवत न्हाईत. चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई. ही झाली दिस कलंडायच्या वक्ताला. सुईण म्हणाली, नाळ कापू द्या. सासू म्हणाली, आज धार लावायची न्हाई, दिस मावळू दे. म्हणून दिस मावळूस्तवर पोरगी तशीच माज्या पोटावर. नाळंसकट. ह्ये कुनी इसरतं व्हय, सायेब?"

माझ्या शेजारी कला ताठ उभी होती. तिची मान खाली होती आणि कान लाल झाले होते. मला वाटलं, आई नाळबिळ बोलली म्हणून लाजली असेल.

"आणि ही एक जून कुठून आली?"

"ती गुरुजींनी लिवली," तानूमावशी म्हणाली. "शाळंत घालायला आणली तवा. मी काय म्हनत न्हाई की वाईट केलं. चांगल्यासाटीच लिवली. पर आता त्यांनीच सांगावं."

हे गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांना माहीत होतं. आमच्या कासेवाडीच्या चौथीपर्यंतच्या शाळेत आण्णा एकटे शिक्षक. जुलै संपेपर्यंत सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल पहिलीत घ्यायचं. कुणाच्या आईला मुलाची तारीख सांगता येत नसे. ज्वारी काढणीला झाला, जत्रेच्या आदल्या दिवशी झाली, अशी उत्तरं यायची. मग आण्णा एक जून लिहायचे. वयाची भानगड मिटायची आणि पोर शाळेत बसायचं. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. पुढे मी ऐकलं की हे राज्यभरच्या गुरुजींनी केलं, पण लहानपणी मला वाटायचं, ही आण्णांचीच युक्ती आहे.

कलाचं आणखी एक होतं. आमची घरं पाठीला पाठ लागून. तिला घेतल्याशिवाय मी शाळेत जाणार नाही म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते, असं माझी आई सांगायची. तिला वर्षभर थांबवलं असतं तर ती चुलत्याच्या शेरडांमागे गेली असती. पण ती तेव्हा दाखल झाली आणि आम्ही एका बाकावर बसलो. पाचवीपासून आम्ही रोज तीन किलोमीटर चालत तालुक्याला यायचो. हौदाला दोन नळ, एक भरतो, एक रिकामा करतो, हे उदाहरण मला वर्गात कधीच कळलं नाही. ते मला कलाने कालव्याच्या कडेला बसून, धुळीत काठीने हौद काढून शिकवलं. परीक्षेत तेच आलं. माझ्या त्रेचाळीसातले निदान दहा गुण तिचे होते. पण पेपरवर नाव ज्याचं त्याचं.

"गुरुजी?" हेडसर म्हणाले.

आण्णांनी गळाबंद कोट घातला होता. तालुक्याला येताना ते तोच घालायचे. त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. थोडा वेळ तिथेच राहिला. मग तसाच मोकळा परत आला आणि गुडघ्यावर बसला.

"दाखल्यावर आहे तीच तारीख," ते म्हणाले.

"ते मी वाचलं. खरी कुठली?"

"शाळेच्या दृष्टीनं दाखल्यावरचीच खरी धरतात, सर."

"गुरुजी," तानूमावशी म्हणाली. ओरडली नाही. फक्त एवढंच म्हणाली आणि थांबली. मग हेडसरांकडे वळली. "सायेब, हिचा चुलता म्हनतोय, त्या वर्गात नंबर लागला तर शिकू दे, न्हाईतर सातवी झाली की बास. माज्या हातात काय न्हाई. म्हणून मी आलेय. न्हाईतर मी कशाला आले असते भांगलण टाकून?"

आता हेडसरांची पंचाईत झाली. एका बाजूला तोंडी साक्ष, दुसऱ्या बाजूला कागद, आणि त्या कागदाचा फायदा तो लिहिणाऱ्याच्याच मुलीला. ते थोडा वेळ पेन्सिल टेबलावर ठोकत राहिले. मग त्यांना वाटलं असावं की मुलं खोटं बोलत नाहीत. एवढी वर्षं शाळा चालवूनही त्यांना असं वाटलं.

"हेमलता, पुढे ये. तुम्ही दोघी शेजारी राहता ना?"

"हो सर."

"मैत्रिणी आहात?"

"हो सर."

"मग तुला माहीत असेल. कलावतीचा वाढदिवस कधी असतो?"

दर पंचमीला मी तिच्या घरी असायची. त्या दिवशी तवा ठेवत नाहीत म्हणून तानूमावशी पुरणाची दिंडं उकडायची. आधी नागाला, मग कलाला ओवाळायची. "मोठी हो, म्हातारी हो" म्हणायची. शेजारी बसले म्हणून मलाही कुंकू लावायची आणि पहिलं दिंड माझ्या ताटात घालायची, कारण मी गुरुजींची. सहा वर्षं मी ती दिंडं खाल्ली होती.

मी आण्णांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मला डोळ्याने काही सांगितलं नाही. खूण केली नाही. तेवढं मला स्पष्ट आठवतं.

"एक जून, सर," मी म्हणाले.

मला काहीच वाटलं नाही. टेबलावर शाईचा डाग होता, तो बेडकासारखा दिसत होता, एवढंच मी बघत होते.

तानूमावशी एक पाऊल पुढे आली. फरशीवर माती पडली.

"हेमे? आगं, हेमे?"

"थांबा बाई," हेडसर म्हणाले. "आता हिलाच विचारतो. कलावती, घाबरू नकोस. तुझा वाढदिवस कधी?"

कलाने मान वर केली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आण्णांकडे, आणि सगळ्यात शेवटी आईकडे. आईकडे पाहताना तिचा चेहरा वेगळाच झाला. तो मला तेव्हा वाचता आला नाही.

"एक जून, सर," ती म्हणाली.

हेडसरांनी सुस्कारा सोडला, त्यात सुटल्याचा भाग जास्त होता. त्यांनी यादी ओढली आणि चोविसाव्या आकड्यापुढे माझं नाव लिहिलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं.

"बाई, पोरगीच सांगते तर मी काय करणार?"

तानूमावशी मुलीकडे बघत राहिली. रागावली नाही, रडली नाही. तिने पदराचं टोक कमरेला खोचलं.

"बरं," ती म्हणाली. "आसंल. चल."

त्या दोघी पुढे गेल्या. आम्ही मागून निघालो. तीन किलोमीटर आम्हाला त्या रस्त्यावर पुढे दिसत होत्या, दोघींमध्ये अंतर ठेवून चाललेल्या. आण्णा नेहमीपेक्षा हळू चालत होते. त्यांना गाठायचं नव्हतं. कालव्याच्या पुलावर ते थांबले.

"पाणी पिणार?"

"नको."

बस्स. त्या विषयावर आण्णा आणि मी आयुष्यात एवढंच बोललो.

विशेष वर्ग सुरू झाला. मी सकाळी सातला जाऊ लागले, कला साडेदहाला. त्यामुळे बरोबर चालणं आपोआप बंद झालं, भांडावं लागलं नाही. त्या पंचमीला मी तिच्या घरी गेले नाही आणि मला कुणी बोलावलं नाही. आईने विचारलं, "का गं, गेली नाहीस?" मी म्हणाले, "अभ्यास आहे." खरंच होता. कला शेजारी नसल्यामुळे मला प्रत्येक उदाहरणाला दुप्पट वेळ लागायचा. मी पाठ करायची. पाठांतरावर माणूस गणितात किती लांब जातो, हे लोकांना माहीत नसतं. मी पदवीपर्यंत गेले, मग तंत्रनिकेतनात तीस वर्षं गणित शिकवलं. मुलं म्हणायची, मॅडम फार व्यवस्थित शिकवतात. व्यवस्थितच शिकवायची. कालव्याच्या कडेला कला शिकवायची तसं मला कधीच जमलं नाही.

कला सातवीनंतर घरी बसली. पुढे लग्न झालं, सासरी मात्र बरी माणसं निघाली. तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, नर्सबाईचं ट्रेनिंग घेतलं आणि उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून लागली. हे सगळं मला आईकडून कळायचं. गावी गेले तरी मी तिच्याकडे जायची नाही. कुठेतरी लग्नात दिसलो तर "बरं आहे ना?" "बरं आहे" एवढं व्हायचं.

मी वडिलांसाठी खोटं बोलले, असं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. त्यांनी लिहिलेल्या तारखा उघड्या पडल्या असत्या, चौकशी लागली असती, नोकरी गेली असती. हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी यातलं काही डोक्यात नव्हतं. मला ती जागा हवी होती. आणि कला का खोटं बोलली, याचं उत्तर मी असं धरून चालले होते की मला सांभाळून घेण्यासाठी. मी खोटी पडू नये म्हणून. त्या उत्तरात मी तिचं मोठेपण मानायची, आणि खरं सांगायचं तर ते उत्तर मला सोयीचं होतं.

आण्णा गेले त्यानंतर त्यांचा कोट झटकताना आतल्या खिशातून एक छोटी वही निघाली. तळहाताएवढी, दोऱ्याने बांधलेली. तिच्यात गावातल्या मुलांची नावं होती आणि प्रत्येकापुढे दोन रकाने. एकाच्या डोक्यावर 'दाखला', दुसऱ्याच्या डोक्यावर 'खरी'. दाखल्याच्या रकान्यात सगळीकडे एक जून. खऱ्याच्या रकान्यात त्यांनी प्रत्येक आईला विचारून, पंचांग लावून काढलेली तारीख. कलाच्या नावापुढे होतं, बारा ऑगस्ट, नागपंचमी. पुढे बारीक अक्षरात, 'बारा दिवस कमी'. जुलैअखेर सहा वर्षं भरायला तिला तेवढे दिवस कमी पडत होते.

म्हणजे त्या दिवशी ऑफिसात ती वही त्यांच्या खिशात होती.

ती वही अकरा वर्षं माझ्या कपाटात पडून राहिली. मग यंदा मे महिन्यात कलाचा फोन आला. नंबर कुणाकडून तरी मिळवला होता.

"हेमा, मी एकतीस तारखेला रिटायर होतेय. दवाखान्यात छोटा कार्यक्रम हाय. गुरुजी नाहीत, तू तरी ये."

एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो. आण्णांची सगळी मुलं एकतीस मेला निवृत्त होतात. मी वही पर्समध्ये टाकली आणि गेले.

उपकेंद्राच्या ओट्यावर मांडव घातला होता. भाषणं झाली. सरपंच बोलले, डॉक्टर बोलले. दोन बायांनी आपापली पोरं आणून दाखवली, ही आक्कांच्या हातची म्हणून. मग चहाच्या वेळात कलाने मला आतल्या खोलीत नेलं. तपासणीचं टेबल, वजनकाटा, भिंतीवर मोठं घड्याळ. तिच्या गळ्यात अजून हार होता. केस पांढरे, अंगानं भरली होती, पण मान खाली घालून हसायची सवय तीच.

"बस. तू आलीस, फार बरं वाटलं बघ."

"घड्याळ केवढं मोठं आहे गं."

"मीच भांडून आणलंय. पोर बाहेर आलं की पहिलं घड्याळाकडं बघायचं, मग पोराकडं. तारीख, तास, मिनिट. माझ्या रजिस्टरला एक पोर एक जूनचं न्हाई. म्हंजे दोन हायेत, पण ती खरीच एक जूनला झालीत." ती हसली. "नोकरीला लागल्यावर कळलं मला, अख्खा तालुका एक जूनचा. तवा लई हसले. म्हटलं, गुरुजींनी सगळ्यांना एका माळेत ओवलं. त्यात मी तेवढी अस्सल."

"अस्सल म्हणजे?"

"म्हंजे खरी एक जूनची. बाकीच्यांची अंदाजपंचे. माझी खरी."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"कला, त्या दिवशी हेडसरांनी तुला विचारलं, तेव्हा तू एक जून का म्हणालीस?"

"का म्हंजे?" तिला प्रश्नच कळला नाही. "तू म्हणालीस की. गुरुजी म्हणाले. तुम्ही दोघं थोडंच खोटं बोलणार? तू तर दर पंचमीला आमच्यात जेवायला असायचीस. आये ओवाळायची, ते मी सणाचंच समजायची. वाढदिवस असता तर तुला ठाऊक नसता का? मला वाटलं, आये माझ्यासाठी खोटं बोलतीय. वर्गात घ्यावं म्हणून. आणि ते नाळंचं काय काय सांगत होती, तवा तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयेची इतकी लाज मला कधी वाटली न्हाई."

बाहेर कुणीतरी माईक वाजवून बघत होतं.

"रस्त्यानं मी तिच्याशी बोलले न्हाई. घरी गेल्यावर म्हटलं, आये, खोटं बोलून नंबर लावायचा नसतो. ती काय बोलली न्हाई. पुढं ट्रेनिंगला गेले, तवा तर खात्रीच झाली. म्हटलं, नाळ कोण तासभर तशी ठेवतं? आयेनं रचलंच सगळं." कलाने हारातलं एक फूल सारखं केलं. "तशी माझी आये चांगली होती गं. पण तवापासनं तिचं बोलणं मी अर्धंच धरायची. एवढं दुखतंय म्हणाली, की मी म्हणायची निम्मं असंल. शेवटचं दुखणंबी मी उशिराच मनावर घेतलं. मी, नर्स असून."

मी पर्समधल्या वहीवर हात ठेवला.

"जायच्या आधीच्या पंचमीला तिनं ताट केलं. हात कापत होते. ये, ओवाळते म्हणाली, आज तुझा दिस. मी म्हटलं, आये, किती येळा सांगायचं, माझा वाढदिवस जूनमधी झाला. तिनं ताट खाली ठेवलं. नेहमीसारखी म्हणाली, बरं, आसंल."

मी पर्स उघडली. वही काढली आणि दोरा सोडून ते पान तिच्यापुढे धरलं. तिने गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला. आधी दाखल्याचा रकाना वाचला. मग खरा. बारीक अक्षरातली ओळ तिने बोटाने वाचली.

"गुरुजींचं अक्षर," ती म्हणाली.

"हो."

"तुला कवा कळलं?"

"वही मिळाली अकरा वर्षांपूर्वी." मग मी उरलेलं सांगितलं. "पण मला आधीच माहीत होतं. तेव्हाच माहीत होतं. मी मुद्दाम एक जून म्हणाले. मला ती जागा हवी होती, कला."

तिने वहीतून मान वर केली नाही. मी वाट पाहिली. तिने मला हाकलावं, थोबाडीत मारावी, काहीतरी करावं. एवढी वर्षं जिथे काही वाटलं नव्हतं, तिथे आता तरी काही वाटावं.

"अकरा वर्षं," ती हळू म्हणाली. तिने बोटांवर मोजलं. गणितात तिला कधी बोटं लागली नव्हती. "आये जाऊन सहा झाली."

मग एक बाई दारात आली. "आक्का, चला की. केक ठिवलाय. उद्याचा वाढदिवस आजच करायचाय म्हणत्यात सगळी."

कलाने वही मिटली, दोरा गुंडाळला आणि माझ्या हातात परत दिली. भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं. सवयीने असेल. मग हार नीट केला आणि बाहेर गेली.

मी मागोमाग गेले. केकवर तिचं नाव होतं आणि खाली एक जून. तिच्या हातात सुरी दिली. ती क्षणभर सुरीकडे बघत राहिली, मग तिने केक कापला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.